हर्क्युलिसच्या जागी एक बाई

राज्यक्रांतीनंतरच्या फ्रान्सने 1795 च्या सुमाराला पाच फ्रँकचं चांदीचं नाणं काढलं. त्यावर तीन आकृत्या आहेत. मधोमध ग्रीक-रोमन पुराणकथांतला महाबली, धिप्पाड हर्क्युलिस, अंगावर सिंहाचं कातडं. त्याच्या एका बाजूला स्वातंत्र्य, हातात भाला आणि भाल्याच्या टोकावर टोपी. दुसऱ्या बाजूला समता, हातात गवंड्याचा ओळंबा लावलेला त्रिकोण. या दोघी बायका आहेत आणि त्यांनी एकमेकींचा हात धरला आहे. कडेने अक्षरं आहेत, 'एकजूट आणि बळ'.

नाण्यावरचा पुरुष म्हणजे फ्रेंच जनता. आणि बायका म्हणजे त्या जनतेला हव्या असलेल्या गोष्टी. हे नाणं भाजीबाजारात, खानावळीत, पगाराच्या दिवशी हजारो हातांतून फिरलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं असेल असं नाही. कारण तोवर जवळजवळ अर्धशतक युरोपातल्या चित्रकारांनी हीच वाटणी भिंतींवर, छतांवर, मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगवून डोळ्यांच्या सवयीची करून टाकली होती. कल्पना बाईच्या रूपात आणि ती अमलात आणणारा पुरुषाच्या रूपात.

ही नुसती सजावटीची रीत होती, असं मानायला मी तयार नाही. ज्या काळात ही चित्रं काढली गेली त्या काळातल्या कायद्यांशी ती फार घट्ट जुळतात. म्हणून अशी चित्रं आणि पुतळे जिथे जिथे आहेत तिथे त्यांच्या शेजारी त्या त्या देशातल्या बायकांच्या हक्कांच्या तारखा लिहिल्या गेल्या पाहिजेत, असं मला वाटतं. आणि नवं काही उभारायचं असेल तर निनावी देवतेऐवजी नाव असलेली बाई उभी करावी.

आधी ही रूपं आली कुठून ते थोडक्यात. 1738 पासून हर्क्युलेनियम आणि 1748 पासून पाँपेई उकरायला सुरुवात झाली, आणि युरोपभर प्राचीन रोमचं वेड पसरलं. पण रूपकातल्या बायका त्याच्याही आधीपासून तयार होत्या. चेझारे रिपा नावाच्या इटालियन माणसाने 1593 मध्ये एक कोशच छापला होता: सत्य काढायचं तर कसं, कीर्ती काढायची तर हातात काय द्यायचं, विवेकाला आरसा का हवा. चित्रकार दोनशे वर्षं त्यातून नमुने उचलत राहिले. नवअभिजात शैलीच्या चित्रकारांनी त्यातला बडेजाव कमी केला, रोमन नाण्यांकडे परत पाहिलं, चुण्यांचं साधं पांढरं वस्त्र आणलं. स्वातंत्र्याच्या भाल्यावरची टोपी याच वाटेने आली. रोममध्ये गुलामाला मुक्त करताना त्याच्या डोक्यावर अशी टोपी ठेवत. म्हणजे मूळ टोपी गुलामगिरीतून सुटलेल्या खऱ्याखुऱ्या माणसाची. पुढे ती कधीच न सुटलेल्या बाईच्या हातातल्या भाल्यावर जाऊन बसली.

आता 1793 सालच्या शरद ऋतूतले बारा दिवस पाहा. मला या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते हे दिवस.

30 ऑक्टोबर: कन्व्हेन्शनने, म्हणजे क्रांतिकाळातल्या फ्रान्सच्या लोकप्रतिनिधींच्या सभेने, बायकांचे सगळे राजकीय क्लब बंद केले. सुरक्षा समितीच्या वतीने बोलणाऱ्या आमारने सांगितलं की, राज्यकारभारासाठी लागणारे गुण निसर्गानेच बायकांना दिलेले नाहीत. 3 नोव्हेंबर: ऑलिंप द गूजचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. तिने 1791 मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला होता, आणि त्यातलं दहावं कलम म्हणत होतं की बाईला फाशीच्या चौथऱ्यावर चढण्याचा हक्क आहे, तर तिला भाषणाच्या व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. पहिला हक्क तिला मिळाला. 7 नोव्हेंबर: चित्रकार जाक-लुई दाव्हिदने कन्व्हेन्शनपुढे प्रस्ताव ठेवला की फ्रेंच जनतेचा एक महाकाय पुतळा उभारावा, पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या दर्शनी भागावरून उतरवलेल्या राजांच्या पुतळ्यांचे तुकडे त्याच्या पायाला घालावेत. जनता म्हणजे हर्क्युलिस, आणि त्याच्या एका हातात स्वातंत्र्य आणि समता यांच्या छोट्या मूर्ती. हा पुतळा कधी ओतला गेला नाही, पण कल्पना पुढे त्या नाण्यावर उतरली. 8 नोव्हेंबर: क्रांतीच्या राजकारणात वजन असलेल्या मादाम रोलाँला मृत्युदंड दिला गेला. तिथल्या चौकात पंधराव्या लुईचा पुतळा पाडून त्याच्या चौथऱ्यावर स्वातंत्र्याची मूर्ती बसवलेली होती. तिच्याकडे पाहत, तुझ्या नावावर किती गुन्हे केले जातात, असं ती म्हणाली अशी आठवण सांगितली जाते. आणि 10 नोव्हेंबर: नोत्र दाममध्ये विवेकाचा उत्सव. ऑपेरातली एक कलावती पांढरं वस्त्र, निळा शेला, लाल टोपी अशा वेशात स्वातंत्र्य बनून आली. तिथून तिला वाजतगाजत कन्व्हेन्शनमध्ये नेलं आणि अध्यक्षांच्या शेजारी बसवलं.

अकरा दिवसांपूर्वी याच सभेने बायकांना राजकारणातून बाहेर काढलं होतं. आता बाई अध्यक्षांच्या शेजारी बसली होती, कारण तिला बोलायचं नव्हतं.

रूपकातली बाई हा बायकांचा सन्मान होता, असं अनेक जण मनापासून म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या भावनेवर मी शंका घेत नाही. पण सन्मान आणि हकालपट्टी एकाच पंधरवड्यात, एकाच सभागृहाच्या हातून होत असेल तर त्या सन्मानाची किंमत तपासावी लागते. बाईचं रूप कल्पनेसाठी इतकं सोयीचं का ठरलं? मला वाटतं, त्याचं कारण ती बाई खरी वाटण्याचा धोकाच नव्हता. न्याय म्हणून पुरुष काढला असता तर पाहणाऱ्याने विचारलं असतं, हा कोण, कुठल्या कोर्टातला? स्वातंत्र्य म्हणून पुरुष काढला असता तर तो क्रांतीच्या पुढाऱ्यांपैकी दांतोंसारखा दिसतो की रोबेस्पिएरसारखा, यावरून भांडण झालं असतं. बाई काढली की असा प्रश्नच उठत नव्हता. ती न्यायाधीश असणं शक्य नव्हतं, आमदार असणं शक्य नव्हतं, म्हणून ती निखळ न्याय आणि निखळ स्वातंत्र्य होऊ शकली. तिची रिकामी जागाच चित्रकाराच्या कामी आली.

दाव्हिदच्याच चित्रांत याचा पुरावा आहे. 'होरेशियस बंधूंची शपथ' हे 1784 चं चित्र पाहा. डावीकडे तीन भाऊ ताठ, पाय रोवून, हात पुढे. मधे तलवारी धरलेला बाप. उजवीकडे घरातल्या बायका, एकमेकींच्या खांद्यावर कोसळलेल्या. त्यांच्यात कुणी बहीण आहे, कुणी पत्नी, त्यांना नाती आहेत. नावगाव आलं की बाई कोपऱ्यात बसून रडते, आणि निनावी झाली की भाला घेऊन उभी राहते. दाव्हिदचं 1799 चं सबाइन स्त्रियांचं चित्र याला मोठा अपवाद आहे हे मान्य करायला हवं. तिथे हर्सिलिया रोमन आणि सबाइन अशा दोन सैन्यांच्या मधे हात पसरून उभी आहे, आणि चित्राचं सगळं बळ तिच्यात आहे. मला ते चित्र फार आवडतं. पण तीही उभी आहे ती नवरा आणि बाप यांच्यामधे, पत्नी आणि मुलगी म्हणून.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो व्याकरणाचा. लॅटिन आणि फ्रेंचमध्ये स्वातंत्र्य, न्याय, विवेक, कीर्ती हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, म्हणून चित्रात बायका आल्या, एवढंच. यात तथ्य आहे, पण पुरेसं नाही. त्या नाण्याच्या कडेवर 'एकजूट' आणि 'बळ' यांसाठी जे फ्रेंच शब्द कोरले आहेत ते दोन्ही स्त्रीलिंगी आहेत, आणि त्यांच्या खाली मधोमध कोण आहे? हर्क्युलिस. मृत्यू हा शब्दही फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. रेन्योने 1794-95 मध्ये 'स्वातंत्र्य किंवा मृत्यू' हे चित्र काढलं तेव्हा स्वातंत्र्य रूपवान बाई झाली आणि मृत्यू झाला काळ्या वस्त्रातला सांगाडा. या दोघांच्या मधे पंख पसरून उडणारा, निवड समोर मांडणारा फ्रान्सचा प्राणदूत मात्र तरुण पुरुष आहे. म्हणजे व्याकरण सोयीचं असलं तर पाळायचं आणि अडचणीचं झालं तर बाजूला ठेवायचं. आपल्याकडे तर याची उलटी गंमत आहे. मराठीत न्याय पुल्लिंगी आहे. तरी कोर्टातल्या मूर्तीबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा आपण 'न्यायदेवता' म्हणायला लागलो. शब्द पुल्लिंगी असूनही बाई आलीच, तिच्यासाठी शब्दाला शेपूट जोडावं लागलं इतकंच.

न्यायाचा विषय निघालाच आहे तर प्रुदाँच्या चित्राकडे वळतो. 'न्याय आणि दैवी सूड गुन्ह्याचा पाठलाग करताना' हे 1808 चं चित्र पॅरिसच्या न्यायालयातल्या फौजदारी दालनासाठी काढलेलं. चांदण्या रात्री खडकाळ जागी एक तरुण मरून पडला आहे, खुनी पळतो आहे, आणि त्याच्या डोक्यावरून दोन पंखवाल्या बायका झेपावत येतात. एकीच्या हातात मशाल, दुसरीकडे तलवार आणि तराजू. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात हे पाहून गोळा आला असेल. चित्र म्हणून ते विलक्षण आहे, अंधार आणि वेग या दोन्हींवर प्रुदाँची पकड जबरदस्त होती. पण याच्या चारच वर्षं आधी, 1804 मध्ये, नेपोलियनची दिवाणी संहिता लागू झाली होती. तिचं 213 वं कलम सांगत होतं की नवऱ्याने बायकोला संरक्षण द्यावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. फ्रान्समध्ये बायकांना वकिली करायची परवानगी 1900 मध्ये मिळाली, मताचा हक्क 1944 मध्ये, आणि न्यायाधीश होण्याचा हक्क 1946 मध्ये. न्यायालयाच्या भिंतीवर न्याय बाई झाल्यानंतर न्यायासनावर बाई बसायला 138 वर्षं लागली. लूव्हरमधल्या त्या चित्राखाली हे दोन आकडे लिहायला किती जागा लागेल?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग ही चित्रं काढूनच टाका. मला ते अजिबात नको आहे. त्याचं कारण बायकांनी स्वतः या रूपकांचं जे केलं, ते आहे. तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

नानीन व्हालाँ ही दाव्हिदची शिष्या. तिने 1793-94 मध्ये स्वातंत्र्य रंगवलं. तिची स्वातंत्र्यदेवी बसलेली आहे. एका हातात मानवी हक्कांचा जाहीरनामा, दुसऱ्या हातात भाला आणि लाल टोपी, पायाशी तुटलेल्या बेड्या आणि मुकुट. चेहरा शांत आणि थोडा दमलेला. हे चित्र जॅकोबिन क्लबमध्ये, म्हणजे क्रांतीतल्या कडव्या गटाच्या राजकीय क्लबात, लागलं होतं. ज्या क्लबात चित्र लटकलं त्याची सदस्य होण्याची मुभा चित्र काढणारीला नव्हती. आज ते ग्रनोब्लजवळ व्हिझीलच्या क्रांती संग्रहालयात आहे. मी त्याच्याकडे पाहतो तेव्हा मला तिच्या हातातला तो कागद खुपतो, कारण त्यावर ज्या माणसाचे हक्क लिहिले आहेत तो माणूस म्हणजे पुरुषच, हे तोवर कायद्याने ठरून गेलं होतं. तरीही व्हालाँने तो कागद बाईच्या हातात दिला, आणि पाहणाऱ्याकडे वळवून दिला. वाचा, असं ती म्हणते आहे असं मला वाटतं. कुणाला हा माझा अर्थ वाटेल, पण चित्रात कागद त्याच जागी आहे.

आणि लंडनमध्ये अँजेलिका काउफमान. स्वित्झर्लंडमध्ये कूर इथे 1741 मध्ये जन्मलेली ही बाई 1768 मध्ये रॉयल अकॅडमी या चित्रकार-शिल्पकारांच्या संस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होती. मेरी मोझर दुसरी. सदस्य बायका एवढ्याच, दोघी. योहान झोफानीने 1771-72 मध्ये अकॅडमीच्या सदस्यांचं समूहचित्र काढलं. पुरुष सभासद विवस्त्र पुरुष मॉडेलभोवती जमले आहेत. बायकांना तिथे बसू देणं शिष्टाचारात बसत नव्हतं, म्हणून काउफमान आणि मोझर चित्रात आहेत त्या भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरींच्या रूपात. संस्थापक सदस्य, आणि खोलीत जागा भिंतीवर! त्यांच्यानंतर पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेली बाई म्हणजे लॉरा नाइट, 1936 मध्ये.

नग्न देहाचा अभ्यास हा तेव्हा ऐतिहासिक चित्रांचा पाया होता, आणि ऐतिहासिक चित्र हा चित्रकलेतला सर्वांत वरचा मान. तो अभ्यास नाकारायचा आणि मग तुझे वीरपुरुष बायकी दिसतात म्हणून हिणवायचं, हे काउफमानच्या वाट्याला आयुष्यभर आलं. पण रूपकातल्या वस्त्रावृत बायकांना त्या परवानगीची गरज नव्हती. तो दरवाजा उघडा होता आणि ती त्यातून आत गेली.

1778 ते 1780 या काळात तिने अकॅडमीच्या सभागृहाच्या छतासाठी चार लंबगोल चित्रं केली. आज ती बर्लिंग्टन हाउसच्या प्रवेशदालनाच्या छतावर आहेत. कल्पकता, रचना, रेखाटन आणि रंग. चारही बायका. वरवर पाहता नेहमीचीच रूपकं. पण नीट पाहा, त्या काम करताहेत. रंग ही बाई ब्रश वर करून थेट इंद्रधनुष्यातून रंग घेते आहे, आणि तिच्या पायाशी सरडा आहे. रचना बुद्धिबळाच्या पटाजवळ विचारात बुडालेली. आणि रेखाटन ही बाई कागदावर चित्र काढते आहे ते व्हॅटिकनमधल्या त्या प्रसिद्ध भग्न पुरुषदेहाच्या शिल्पाचं, बेल्वेडेअर टॉर्सोचं. जिवंत पुरुषदेह समोर बसवून काढायची बंदी होती, दगडाचा आणि प्लास्टरचा काढायची नव्हती. जिथे तिला मॉडेलसमोर बसू दिलं नाही त्याच संस्थेच्या छतावर तिने बाईला पुरुषदेह काढताना रंगवून ठेवलं. ते पुरुष सभासद त्या छताखाली बैठका घेत होते. वर पाहून कुणाच्या लक्षात आलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या सगळ्याचा मुंबईशी संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. रूपकातल्या या बायका साम्राज्याबरोबर जहाजाने मुंबईला आल्या. उच्च न्यायालयाची गॉथिक इमारत 1878 मध्ये पुरी झाली, आणि तिच्या माथ्यावर न्याय आणि दया अशा दोन स्त्रीमूर्ती बसल्या. नाशिकला जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी त्यांच्या हाती पडली 1922 मध्ये. हिंदुस्थानात बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला 1923 मध्ये, आणि त्यानंतर मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबईच्या या इमारतीत वकील म्हणून उभ्या राहिल्या. आणि या न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांची नेमणूक झाली 1978 मध्ये. माथ्यावरची बाई आणि आतल्या खुर्चीवरची बाई यांच्यामधे बरोबर शंभर वर्षं.

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयात बसवलेली न्यायदेवतेची नवी मूर्ती लोकांसमोर आली. डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं, अंगावर साडी आली. मोठी चर्चा झाली: पट्टी असावी की नसावी, तलवार जाणं बरोबर की चूक. माझ्या मते संविधान हातात येणं ही चांगली गोष्ट झाली. पण ती मूर्ती बाईचीच का असावी, आणि खऱ्या बायका त्या न्यायासनापर्यंत कधी पोचल्या, हे त्या चर्चेत मला फारसं कुठे दिसलं नाही. 1950 मध्ये सुरू झालेल्या या न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायमूर्ती फातिमा बीवी आल्या त्या 1989 मध्ये. मूर्तीच्या चौथऱ्यावर हे वर्ष कोरलं असतं तर ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाने ते वाचलं असतं. मुंबईतही उच्च न्यायालयाची इमारत दाखवायला लोकांना नेतात तेव्हा 1878, 1923 आणि 1978 ही तीन सालं एका दमात सांगावीत. त्याला खर्च नाही, आणि इमारतीचं सौंदर्यही त्याने उणं होत नाही.

नव्या पुतळ्यांबाबत पॅरिसने 2024 मध्ये एक वाट दाखवली. ऑलिंपिकच्या उद्घाटनाला सेन नदीच्या काठावर दहा सोनेरी स्त्रीपुतळे वर आले. त्यांत कुणीही स्वातंत्र्य नव्हती, कुणी कीर्ती नव्हती. प्रत्येकीला नाव होतं, आणि त्यांत एक ऑलिंप द गूज होती. ज्या शहराने तिचं डोकं उडवलं त्याच शहरात, 231 वर्षांनी.

काउफमानचं 1790 च्या दशकातलं एक आत्मचित्र आहे. त्यात तीन बायका आहेत. एका बाजूला मांडीवर स्वरलेखनाचे कागद घेऊन बसलेलं संगीत, दुसऱ्या बाजूला रंगपाटी धरलेली चित्रकला, आणि मधे पांढऱ्या पोशाखात खुद्द अँजेलिका. तरुणपणी तिचा गळाही उत्तम होता आणि दोन कलांतली एक निवडायची होती, त्याची ही आठवण. पण या चित्राचा साचा जुना आहे, आणि तेव्हाचा कुठलाही शिकलेला माणूस तो ओळखत होता. दोन बायकांच्या मधे उभा राहून, सद्गुण की सुखविलास, अशी निवड करणारा वीर म्हणजे हर्क्युलिस. ती जागा त्याची होती. काउफमान तिथे स्वतः उभी राहिली, स्वतःच्या चेहऱ्यानिशी. संगीताचा हात तिने अजून सोडलेला नाही, पण दुसरा हात चित्रकलेकडे वळला आहे, आणि चित्रकला बोट दाखवते आहे दूर टेकडीवरच्या देवळाकडे. वाट चढाची आहे.